गोळीचा वेग कां मंदावतो?
सहाबारी पिस्तुलाच्या हातभरणीच्या काडतुसांवरून एक निदानविचार

१

इ. स. १६९० मध्यें, छत्रपति राजाराम महाराज जिंजीस असतां, कडलूरजवळील तेगनापट्टणचा किल्ला इंग्रज कंपनीनें मराठ्यांकडून विकत घेतला. पुढें हाच किल्ला फोर्ट सेंट डेव्हिड या नांवानें प्रसिद्धीस आला. किल्ल्याबरोबर कंपनीस किती मुलूख मिळावा याचें माप त्या व्यवहारांत बिघ्यांत किंवा कोसांत धरलेलें नव्हतें. किल्ल्यावरून तोफ डागावी आणि सभोंवार गोळा जेथवर पोहोंचेल तेथवरचीं गांवें कंपनीचीं, असा ठराव होता. त्याप्रमाणें तोफ डागली गेली, आणि त्या हद्दींतील गांवांस 'गोळ्याचीं गांवें' अशा अर्थाचें नांव पडलें. गोळा शंभर हात अलीकडे पडता तर तेवढी शेतें मराठ्यांच्या राज्यांत राहतीं. दारूचा जोर, गोळ्याचा घेर, नळीची लांबी आणि तोफेच्या तोंडाची उंची या चार गोष्टी तेथें मोजणीदाराचें काम करीत होत्या.

योगायोग असा कीं, गोळीचा वेग प्रत्यक्ष मोजण्याची रीत ज्यानें घालून दिली तो इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स कंपनीचा मुख्य इंजिनियर म्हणून हिंदुस्थानांत आला आणि इ. स. १७५१ च्या जुलै महिन्यांत याच किल्ल्यांत तापानें वारला.

जुन्या कागदांत 'गोळा अलीकडे पडला', 'बार हलका गेला' अशा अर्थाचें वाक्य आढळलें म्हणजे आपण संशोधक बहुधा एकच अनुमान करतों, कीं दारू वाईट होती. तेथून पुढें दारू करणारा लबाड, दारूखान्याचा कारभारी लांचखाऊ, कदाचित् फितूरही, अशा पायऱ्या चढत जातों. ज्याला उत्तर देण्यास आतां तोंड नाहीं अशा माणसाच्या नांवाला काळिमा लावण्यापूर्वीं त्या अनुमानाची पहिलीच पायरी पक्की आहे कीं नाहीं, हें पाहणें आपलें कर्तव्य आहे. प्रस्तुत लेखाचा हेतु एवढाच.

मोठ्या तोफेवर ही परीक्षा आज करतां येणें कठीण. परंतु तेंच कार्यकारण लहानांत लहान पात्रांत जेथें पाहतां येतें असें एक स्थळ आहे. तें म्हणजे सहाबारी पिस्तूल, ज्यास इंग्रजींत रिव्हॉल्व्हर म्हणतात, त्याचें हातानें भरलेलें काडतूस. उडालेलीं काडतुसें स्वतः पुन्हां भरून घेण्याची चाल अमेरिकेंत दीडशें वर्षांची आहे. इ. स. १८८४ मध्यें जॉन बार्लो यानें न्यू हेवन येथें आयडिअल नांवाचा कारखाना काढून या कामाचीं हत्यारें व मार्गदर्शक पुस्तिका लोकांस पुरविल्या. तेव्हांपासून भरणाऱ्यांची एक तक्रार कायम आहे: 'पुस्तकांतील प्रमाणाबरहुकूम भरलें, तरी वेग पुस्तकांतल्याइतका येत नाहीं.' या तक्रारीचें निदान तेथें इतक्या बारकाईनें झालें आहे कीं, तें आपल्यासारख्यांस कित्त्यादाखल घेतां येईल. आपल्या देशांत परवान्यावांचून काडतुसें भरणें निषिद्ध आहे. येथें कृति शिकवावयाची नसून विचाराची रीत पाहावयाची आहे.

२

प्रथम वेग मोजण्याविषयीं. रॉबिन्सपूर्वीं दारूचा जोर पाहण्याचीं साधनें होतीं, नाहीं असें नाहीं. फ्रान्समध्यें इ. स. १६८६ च्या हुकुमानें एक लहान उखळी तोफ ठरविली होती. तींत तीन औंस दारू घालून साठ पौंडांचा गोळा किती दूर जातो तें पाहत. खाजगी लोक पिस्तुलासारखें एक दांतेरी चक्राचें यंत्र वापरीत. दारूच्या भडक्यानें त्याचें झांकण किती दांते सरकलें तें मोजीत. परंतु दोन यंत्रांचे निकाल एकमेकांशीं जुळत नसत, आणि यंत्रांत जी दारू श्रेष्ठ ठरे ती तोफेंत श्रेष्ठ ठरेलच असा भरंवसा नसे. बारीक दाण्याची दारू झपाट्यानें जळते म्हणून लहान यंत्रांत ती बाजी मारी. लांब नळींत जड गोळ्यामागें तिची गोष्ट निराळी होई.

रॉबिन्सनें इ. स. १७४२ मध्यें 'तोफविद्येचीं नवीं तत्त्वें' या अर्थाचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची युक्ति साधी होती. ज्ञात वजनाचा एक जड लंबक टांगावयाचा, त्यावर बंदुकीची गोळी झाडावयाची, आणि गोळी रुतल्यावर लंबक किती मागें गेला तें फितीनें मोजावयाचें. गोळीचें वजन ठाऊक, लंबकाचें ठाऊक, झोका ठाऊक; त्यावरून वेग गणितानें निघे. बंदुकीच्या गोळीचा वेग सेकंदास सोळाशें ते सतराशें फूट निघाला. तीन वर्षांनीं ऑयलर या थोर गणित्यानें आपली टीका जोडून या ग्रंथाचें जर्मन भाषांतर केलें.

या मापनानें एक मोठा भ्रम दूर झाला. हवेचा अडथळा नाहीं असें धरलें, तर सतराशें फूट वेगाची गोळी पंचेचाळीस अंशांत झाडली असतां सुमारें सतरा मैल जावयास पाहिजे. प्रत्यक्षांत ती एक मैलही जात नाहीं. उरलेला सगळा पल्ला हवा खाते. तेव्हां 'गोळी दूर गेली नाहीं' आणि 'गोळी नळींतून मंद निघाली' हीं दोन विधानें अगदीं भिन्न आहेत. पहिल्यावरून दुसरें काढणें हा तर्कशास्त्रांतला सव्यभिचार हेतु होय. हेतु तेथें असूनही साध्य तेथें असेलच असें नाहीं. आपल्या कागदांत येतें तें बहुतेक पहिलें विधान असतें.

३

आतां मूळ उदाहरणाकडे वळूं. कोल्ट कंपनीचें पंचेचाळीस मापाचें सहाबारी पिस्तूल इ. स. १८७३ चें. त्याच्या काडतुसाची बाजारांतली प्रसिद्ध भरणी अशी: काळी दारू ४० ग्रेन, शिशाची गोळी २५५ ग्रेन. एक तोळा म्हणजे १८० ग्रेन, म्हणून आपल्या मापानें दारू सुमारें एकवीस गुंजा व गोळी एक तोळा चाळीस गुंजा झाली. साडेसात इंचांच्या नळींतून वेग सेकंदास नऊशें फुटांच्या आसपास.

एखादा हौशी मनुष्य आज हें प्रमाण जुन्या पुस्तकांतून उतरून घेतो, नवी पितळी पुंगळी आणतो, मापून दारू भरतो, आणि त्यास दोन विघ्नें आढळतात. एक तर चाळीस ग्रेन दारू पुंगळींत सुखानें मावत नाहीं. दुसरें, जेवढी मावली तेवढीनें वेग कमी येतो. तो म्हणतो, आजची काळी दारू पूर्वींसारखी राहिली नाहीं. दारूवर आळ येतो तो येथें.

खरा प्रकार निराळा आहे. जुन्या पुंगळीचें बूड आंतून पोकळ असे. टोपी बसविण्याच्या खळग्याभोंवतींही दारूस जागा मिळे. विसाव्या शतकांत मजबुतीसाठीं पुंगळीचें बूड भरीव करण्यांत आलें. बाहेरचें माप तेंच, नांव तेंच. आंतली जागा कमी झाली. प्रमाण पुस्तकांत राहिलें आणि ज्या पात्रासाठीं तें प्रमाण होतें तें पात्र गेलें. वैद्यकाची जुनी पोथी वाचतांना शेर कोणत्या प्रांताचा व कोणत्या काळाचा हें न विचारतां जो काढा करील, त्याचीही हीच गत होईल.

याहून सूक्ष्म गोष्ट नळीची. दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या या पिस्तुलांच्या नळीचा पेचाच्या खांचेपासून खांचेपर्यंतचा व्यास ४५४ सहस्रांश इंच असे. युद्धानंतर तो ४५१–४५२ पर्यंत आला, आणि बाजारांतल्या गोळ्याही त्याच मापाच्या झाल्या. आतां नवी गोळी जुन्या नळींत घातली तर दोन सहस्रांशांची मोकळीक उरते, आणि त्या मोकळिकेंतून भडका गोळीस मागें टाकून पुढें निघून जातो. अठराव्या शतकांत रॉबिन्सचें काम पुढें चालविणाऱ्या चार्ल्स हटन यानें वुलिच येथें तोफांवर हेंच सिद्ध केलें होतें: गोळा नळींत सैल असला कीं दारूचा मोठा हिस्सा फुकट जातो. 'पंचेचाळीस कोल्ट' हें नांव दीडशें वर्षें टिकलें. त्या नांवाखालची वस्तु दोनदां बदलली.

आणखी एक गोष्ट पुस्तकाच्या बाजूची. 'मूळ' वेग म्हणून जो आंकडा आपण घेतों तो कोणत्या भरणीचा? बाजारांतली भरणी चाळीस ग्रेनांची होती. परंतु अमेरिकेच्या सैन्याची भरणी आरंभापासूनच तीस ग्रेन होती, आणि लौकरच ती अठ्ठावीस ग्रेन दारू व २३० ग्रेनांची गोळी अशी हलकी करण्यांत आली, कारण त्याच सैन्यांत स्कोफील्ड नांवाचें आंखूड घरांचें दुसरें पिस्तूल होतें व एकच काडतूस दोहोंत चालावयास हवें होतें. सैनिकाच्या आठवणींतला वेग आणि दुकानदाराच्या यादींतला वेग एकाच पिस्तुलाचे असूनही भिन्न आहेत. दोघेही खरें बोलतात.

४

या एका उदाहरणावरून संशयाचीं स्थानें कोणतीं तें ध्यानांत येईल. तीं क्रमानें सांगतों. क्रम स्वस्तांतल्या शंकेपासून महागांतल्या शंकेकडे आहे.

पहिला संशय मापनयंत्राचा. बेल्जियन अधिकारी ल बूलांजे यानें इ. स. १८६४ च्या सुमारास केलेल्या यंत्रांत गोळी दोन तारा तोडी. पहिली तुटली कीं विद्युच्चुंबकास धरलेला एक दांडा पडूं लागे, दुसरी तुटली कीं दुसरें वजन पडून एक सुरी सुटे व पडत्या दांड्यावर खूण करी. खुणेच्या उंचीवरून काळ निघे. आजचीं यंत्रें प्रकाशावर चालतात. गोळीची सांवली दोन डोळ्यांवरून जाते व मधला काळ मोजला जातो. सूर्य तिरपा असला, यंत्र नळीच्या फार जवळ मांडलें, दोन डोळ्यांमधलें अंतर नीट ठेवलें नाहीं, तर आंकडा खोटा येतो. म्हणून ज्याचा वेग ठाऊक आहे असें कारखान्याचें काडतूस प्रथम झाडून यंत्राची साक्ष तपासावी.

दुसरा संशय तुलनेचा. पुस्तकांतला वेग कित्येकदां लांब व अखंड परीक्षानळीचा असतो. पिस्तुलाची नळी चार इंचांची असली तर भडक्यास गोळी ढकलण्यास अवधिच कमी मिळतो.

तिसरा संशय फटीचा. हा दोष सहाबारीच्या जातीलाच चिकटलेला आहे. तिचें चक्र फिरतें असल्यामुळें चक्र व नळी यांमध्यें थोडी फट ठेवावीच लागते. ती साधारण सहा सहस्रांश इंच, म्हणजे दोन कागदांच्या जाडीएवढी असते. प्रत्येक बारास तेथून भडका बाहेर फुटतो. एकाच कारखान्याचीं, एकाच नळीचीं दोन पिस्तुलें घेतलीं तरी एकाच काडतुसाचा वेग दोहोंत पन्नास फुटांनीं भिन्न येऊं शकतो. यांत दारूचा अपराध कांहीं नाहीं.

चौथा संशय गोळी, चक्रांतील घर व नळी यांच्या परस्पर मापांचा. तो वर सांगितलाच.

पांचवा संशय पुंगळींतील रिकाम्या जागेचा. काळी दारू पुंगळी भरून ठासलेली असते. धूरविरहित दारू थोडीच पुरते. अडतीस स्पेशल नांवाचें काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालें तें सुमारें एकवीस ग्रेन काळ्या दारूच्या हिशेबाचें होतें; त्याच पुंगळींत धूरविरहित दारू निम्मी जागाही भरीत नाहीं. पिस्तुलाचें तोंड खालीं करून मग नेम धरला तर दारू गोळीकडे जमते व टोपीची ठिणगी तिला उशिरानें गांठते. तोंड वर करून मग आडवें केलें तर दारू टोपीपाशीं राहते. पहिल्या रीतींत वेग कमी, दुसरींत अधिक. गोळी पुंगळीच्या तोंडानें घट्ट आवळलेली नसली तर दाब पुरता चढण्यापूर्वींच ती सुटते, आणि दारू अर्धवट जळून नळींत तिचे दाणे सांपडतात.

सहावा आणि शेवटचा संशय खुद्द दारूचा: वजन चुकलें, दाणा भलता निघाला, ओल लागली, किंवा नांव वाचण्यांतच घोटाळा झाला.

आपल्या वैद्यकांत निदानाचीं पांच अंगें सांगितलीं आहेत. त्यांतील उपशय म्हणजे, लक्षणांवरून व्याधि उमगत नसेल तर उपचार करून पाहावा व गुण येतो कीं नाहीं यावरून कारण ठरवावें. अट एकच: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दारूही बदलली, गोळीही बदलली आणि वेग वाढला, तर श्रेय कोणास द्यावयाचें? आणि वेग कमी दिसतांच दारू वाढविणें हा तर सर्वांत घातक उपचार. दोष फटींत किंवा यंत्रांत असेल तर दाब मात्र चढतो आणि पिस्तूल फुटतें. आवाज फुसका येऊन गोळी नळींतच अडकली असेल तर पुढला बार नळीचा नाश करतो. म्हणून असा आवाज होतांच थांबून नळी पाहावी.

एक लक्षण विशेष सांगण्याजोगें आहे. दहा बार मोजले व दहाही सारख्या प्रमाणांत मंद निघाले, तर कारण स्थिर असतें: नळी, फट, माप. दहांत कांहीं मंद व कांहीं जलद निघाले, तर कारण चंचल असतें: आवळण, टोपी, दारूची जागा किंवा भरणाऱ्याचा हात. पोथ्या मिळवून पाहणाऱ्यास ही गोष्ट नवी नाहीं. सगळ्या प्रतींत एकच अपपाठ आढळला तर दोष आदर्शप्रतीचा. प्रत्येकींत निराळा आढळला तर दोष त्या त्या लेखकाचा.

५

फट हें खरें कारण आहे हें कशावरून? येथें इतिहासानेंच व्यतिरेकाचा प्रयोग करून ठेवला आहे. बेल्जियमचा लेओं नागां यानें केलेलें जें रिव्हॉल्व्हर रशियानें इ. स. १८९५ मध्यें स्वीकारलें, त्याचें चक्र बाराच्या वेळीं पुढें सरकतें आणि गोळीस पोटांत घेऊन बसलेली लांब पुंगळी नळीच्या तोंडांत शिरते. फट बुजते, भडका बाहेर फुटत नाहीं, आणि वेगास थोडा लाभ होतो. फट असतां हानि, फट नसतां हानि नाहीं. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही जुळले. लाभ थोडाच, म्हणून फट हें कारण खरें असलें तरी एकटें नव्हे, हेंही त्याच प्रयोगानें कळलें.

रिकाम्या जागेचा प्रयोग इंग्रजांनीं केला. त्यांच्या सैन्यांतील वेब्ली पिस्तुलाचें काडतूस मुळांत काळ्या दारूचें होतें. कॉर्डाइट नांवाची धूरविरहित दारू आल्यावर तीच पुंगळी ठेवून तींत कॉर्डाइट भरूं लागले; जागा प्रमाणाबाहेर उरे आणि दारू नीट जळेना. म्हणून इ. स. १८९७ मध्यें पुंगळीच आंखूड केली. दारू न वाढवितां पात्र लहान केलें आणि काम भागलें. हिंदुस्थानच्या फौजेंतील अधिकाऱ्यांच्या कमरेस पुढें अनेक वर्षें हींच पिस्तुलें होतीं, आणि कॉर्डाइटचा कारखाना नीलगिरींत अरुवनकाडू येथें विसाव्या शतकाच्या आरंभीं निघाला.

६

दारू नेहमींच निर्दोष असते असें मात्र माझें म्हणणें नाहीं. इ. स. १७८३ च्या सुमारास इंग्लंडांत सरकारी दारू इतकी बदनाम झाली कीं, फॅव्हरशॅम येथील सरकारी कारखाने विकून टाकण्याचा विचार चालू होता. वुलिचचा अधिकारी विल्यम कॉन्ग्रीव्ह यानें, सरकारनें स्वतः दारू केली तर ती चांगली व स्वस्त पडेल, असें पटवून दिलें, इ. स. १७८७ मध्यें सरकारनें वॉल्थॅम ॲबी येथील कारखाना विकत घेतला. सोरा अधिक शुद्ध केला, कोळसा बंद लोखंडी नळकांड्यांत जाळून केला, आणि दारूचा जोर खरोखरच वाढला. तो सोरा बहुतेक आपल्याच बिहार प्रांतांतून जात असे. सोऱ्यांत मिठासारखे दुसरे क्षार राहिले तर तो हवेंतील ओल शोषतो. पावसाळ्यांत दारू सादळण्याचें हें एक मुख्य कारण.

परंतु येथेंही दोष सिद्ध झाला तो परीक्षेनें. दारूची कृति बदलली, वस्तु सुधारली, आणि फरक मोजून पाहतां आला. कॉन्ग्रीव्हनें जो पुरावा दिला तो आपण आपल्या कागदांतील दारूखान्याच्या कारभाऱ्याविरुद्ध देऊं शकतों काय, एवढाच प्रश्न आहे.

७

तात्पर्य, जुन्या लेखांत बार हलका गेल्याचें वाक्य आलें असतां संपादकानें टीप लिहिण्यापूर्वीं पांच गोष्टी पाहाव्या. सांगणारा वेग सांगतो कीं पल्ला? आंकडा असल्यास माप कोणतें आणि कोणत्या प्रांताचें? हत्याराचें नांव तेंच असलें तरी त्या काळीं त्याचें अंग तेंच होतें काय? गोळा त्या नळीचाच होता कीं दुसऱ्या तोफेचा हातीं लागला तो घातला? दोष एकाच दिवशीं आढळला कीं त्या दारूच्या प्रत्येक उपयोगांत? त्याच कोठारांतील दारू दुसऱ्या तोफेंत चालली असें त्याच दप्तरांत दिसलें, तर कारभारी सुटला. सर्वच तोफांत ती हलकी गेली, तर संशयास बळकटी आली. हीं उत्तरें मिळत नसतील तर टीपेंत एवढेंच लिहावें कीं बार हलका गेला. त्याहून अधिक लिहिणें म्हणजे मोजल्यावांचून दारू वाढविणें होय.

तेगनापट्टणच्या शेतांत गोळा जेथें पडला तेथें हद्द ठरली, आणि ती हद्द कित्येक कुटुंबांच्या पिढ्यांना भोंवली. आपण कागदावर जी हद्द आंखतों, हा प्रामाणिक व हा लबाड अशी, तीही कोणाच्या तरी घराण्यावरून जाते. ती आंखतांना गोळा कां अलीकडे पडला याची चौकशी पुरी झालेली असावी, इतकीच विद्वान् वाचकांस विनंती आहे.